आधी काम सांगा, मग चहा

गेल्या अंकात याच पानावर मी विचारलं होतं, तुमच्या गल्लीत, कॉलनीत, शिवारात बाहेरून आलेली माणसं रुळावीत म्हणून तुम्ही काय करता आणि कुठे अडतं? पत्रं भरपूर आली. त्यातली काही ‘हे बाहेरचे लोक’ अशीच सुरू होत होती, ती मी पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवली. उरलेल्यांतली सहा घेते. दोघांनी नाव छापू नका म्हटलं होतं, म्हणून कोणाचंच छापलेलं नाही.

बाई, आमच्या कॉलनीत निम्मी माणसं रेल्वेतली. दसऱ्याच्या सुमारास शेजारी विजयवाड्याकडचं कुटुंब आलं. दिवाळीला फराळाचा डबा दिला, तिने तो धुऊन, आत साखर घालून परत केला. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं. आली, हसली, वाण घेतलं, गेली. दुपारभर दार लावून एकटी असते. मराठी येत नाही, हिंदी मोडकं. आम्ही आणखी काय करायचं? — एक वाचक, भुसावळ

तुमचं चुकलं काहीच नाही. फक्त सगळं तुम्हीच दिलंत. फराळ तुमचा, वाण तुमचं, बोलावणं तुमचं. तिच्याकडून तुम्ही काय घेतलंत? वाटीभर साखर, आणि तीही तिने न मागता दिली.

माझं सांगते. १९८८च्या जूनमध्ये मी दापोली तालुक्यातून यावल तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. आमच्याकडे त्या दिवसांत कौलांवरून पागोळ्या गळतात, इथे एस.टी.तून उतरले तर डांबराला चपला चिकटत होत्या आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी. धाब्याच्या घरातली एक खोली मिळाली. लोक फार चांगले. ‘बाई, भाकरी घ्या’, ‘बाई, ताक घ्या’, ‘बाई, खुर्चीवर बसा’. ती खुर्ची! सगळ्या बायका ओट्यावर मांडी घालून बसायच्या आणि माझ्यासाठी आतून खुर्ची यायची. दहा महिने मी त्या खुर्चीवर काढले. रात्री खोलीत येऊन बदलीचा अर्ज लिहायचे आणि सकाळी फाडायचे.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी घरमालकीणबाई दारात आल्या. म्हणाल्या, ‘बाई, उद्या बिबडे हायेत. हात कमी पडून राह्यले. पहाटे येजा.’ ना ‘वेळ आहे का’, ना ‘जमेल का’. येजा.

बिबडे म्हणजे इकडचे ज्वारीचे पापड. पहाटे गेले तर अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर माझ्या कमरेला येईल एवढं पातेलं. भिजवून, कांडून, दळलेली ज्वारी आधणाच्या पाण्यात पडली. लसूण, जिरं, तीळ, लाल मिरची, मीठ आधीच घातलेलं. मग दोघी जणी दोन बाजूंनी लाकडी दांड्याने ते ढवळायला लागल्या. गुठळी झाली तर सगळी ज्वारी वाया, म्हणून त्या वेळी कोणी कोणाशी बोलत नाही. शिजलं की त्याला घाटा म्हणतात. खाटेवर ओलं धोतर पसरलेलं, त्यावर घाट्याचा गोळा ठेवून ओल्या हाताने थापायचा. माझा पहिला बिबडा गोल सोडून सगळ्या आकारांचा झाला. एक म्हातारी म्हणाली, ‘फळ्यावर तर गोल काढत असतीन ना बाई?’ सगळ्या हसल्या. मीही हसले. दहा महिन्यांत त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर माझ्यावर हसल्या होत्या.

ऊन चढल्यावर एका वाटीत गरम घाटा आणि वर कच्चं तेल असं हातात आलं. खुर्ची कोणी आणली नाही. ओट्यावर जागा नव्हती, तर म्हातारी सरकली.

आणि मग कोणीतरी विचारलं, ‘तुमच्याकडे वाळवणाचं काय करता?’ मी पोह्यांच्या पापडांचं सांगितलं. पुढच्या वर्षी मी शिकवले, सगळ्या गल्लीने केले. मिरची इतकी घातली, की माझ्या आईला पाठवलेला डबा तिने शेजारणीला देऊन टाकला. पण गल्लीत त्यांना ‘बाईचे पापड’ म्हणायला लागले, अजून म्हणतात.

तर आता बिबडे-शेवयांचेच दिवस आहेत. तुमच्या शेजारणीला उद्या हाक मारा. ‘या, बघायला या’ असं नको, हात कमी पडताहेत म्हणून सांगा. भाषेची काळजी करू नका, थापताना बोलायचंच नसतं. आणि ती विजयवाड्याकडची आहे म्हणता, तर कैरीचा हंगाम संपायच्या आत तिच्याकडून आवकाय शिकून घ्या. कोयीच्या कवचासकट फोडी, मोहरीची पूड, लाल तिखट, मीठ, तिळाचं तेल. आपल्या लोणच्याहून वेगळंच प्रकरण आहे. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या पाटावर बसून शिका, आणि चुका. तुम्ही चुकलात की ती बोलेल.

डबा रिकामा परत करायचा नसतो हे तिला न सांगता माहीत आहे. अर्ध्या वाटेपर्यंत ती आलेलीच आहे.

आम्ही सात मित्रांनी सातपुड्यातून केळीच्या कामाला आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबांच्या मुलांसाठी समाजमंदिरात संध्याकाळी सहा ते सात वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी २३ मुलं. वह्या दिल्या, खाऊ दिला, मोबाईलवर कार्टूनही दाखवलं. तीन आठवड्यांनी चार उरली. पालकांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही, असं आमचं मत झालं आहे. बरोबर ना? — एक तरुण, चोपडा तालुका

बरोबर नाही.

रागावू नका. तुम्ही सात जण कामावरून येऊन हे करताय, ते मी वाया गेलं म्हणणार नाही. पण संध्याकाळी सहाला त्या वस्तीवर एकदा जाऊन बघा. आई मळ्यातून नुकती आलेली असते. मोठी मुलगी पाणी भरते, तिच्यानंतरची चूल पेटवते, त्याच्यानंतरचा धाकट्याला कडेवर घेऊन फिरतो. त्याच तासाला तुम्ही घंटा वाजवलीत. पालकांना महत्त्व नाही हा निकाल त्यांना न विचारता दिलात. वेळ कुठली ठेवू एवढं विचारलं असतंत तरी आठ-साडेआठ किंवा सकाळी लवकर असं काही निघालं असतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, माझं तोंड भाजलेलं आहे. १९९६ साली मीही शाळेच्या व्हरांड्यात असाच वर्ग चालवला. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, अ अननसाचा. समोरच्या एकाही मुलाने अननस पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली, कडेवर भाऊ. मी म्हणाले, ‘आत ये, पण बाळाला घरी ठेवून ये.’ ती गेली. बाळाला ठेवायला घरी कोणी असतं, तर ती त्याला घेऊन कशाला आली असती? हे मला कळायला दोन वर्षं लागली. तोपर्यंत ते कुटुंब परत गेलं होतं. त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी शाळेसमोरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. एका वेळी दोन बाळं मावायची, पोरी पाळीपाळीने दोरी ओढायच्या आणि पाढे म्हणायच्या. त्या वर्षी पोरी टिकल्या.

दुसरी गोष्ट भाषेची. पावरी ही त्यांची स्वतःची भाषा आहे, मोडकी मराठी नव्हे. पहिला आठवडा तुम्ही विद्यार्थी व्हा. पाण्याला काय म्हणता, भाकरीला काय, उद्याला काय, भीती वाटते हे कसं सांगता, विचारा आणि फळ्यावर देवनागरीत लिहून घ्या. माझे उच्चार ऐकून पोरं अक्षरशः लोळली होती. मास्तराला चुका करताना पाहिल्यावर त्यांना स्वतः चुकायची लाज राहिली नाही. आणि गणित केळीवर घ्या. घडाला फण्या किती, फणीला केळी किती, ट्रकमध्ये घड किती, हे त्या पोरांना तुमच्याहून चांगलं ठाऊक आहे. रोज बघतात. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवडींत किती महिन्यांचं अंतर, हे मला एका नऊ वर्षांच्या पोराने बोटांवर मोजून दाखवलं होतं. त्याच पोराला शाळेतल्या उदाहरणात ‘रामूकडे बारा पेरू’ दिले की तो गप्प.

तिसरं, होळीच्या आधी त्यांच्याकडे सणाचे भोंगऱ्या बाजार भरतात. तेव्हा ही माणसं गावी जाणार म्हणजे जाणार. वर्ग ओस पडला तर त्याला गळती म्हणू नका. उलट तुमच्यापैकी दोघं त्यांच्याबरोबर जा, त्यांनी बोलावलं तर. तिथे तुम्ही नवखे असाल. ढोल कुठे वाजतो, कोणाच्या घरी जेवायचं, काय विचारायचं नाही, सगळं ते सांगतील.

आता कामाचं. तुमचा वर्ग म्हणजे शाळा नाही, म्हणून आधी या मुलांना शाळेत घाला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मधेच आलं म्हणूनही नाही. वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, हेही कायद्यातच आहे. मुख्याध्यापकांकडे बापाला एकट्याला पाठवू नका. तो दारातूनच परत येतो, हे मी आतल्या टेबलावरून पाहिलेलं आहे. तुमच्यातला एक जण सोबत जा आणि बोलू मात्र त्यालाच द्या.

सहा वर्षांखालच्यांसाठी अंगणवाडी. सेविकाबाईंना वस्ती दाखवा, नोंद त्या करतील. रेशनचं बहुतेकांना माहीत नसतं. आता अन्नसुरक्षा योजनेतलं कार्ड देशात कुठल्याही रेशन दुकानात चालतं, आधारशी जोडलेलं असलं की झालं. कुटुंब मध्य प्रदेशातल्या बडवानीकडचं असलं तरी त्याचं धान्य चोपड्यात मिळू शकतं. एका संध्याकाळी वर्ग बंद ठेवून सगळ्यांची कार्डं घेऊन बसा. त्या एका संध्याकाळीने तुमची जितकी पत वाढेल, तितकी कार्टूनच्या महिन्याने वाढणार नाही.

आई-बापांना अक्षरं शिकायची असतील तर ‘उल्लास’ हा केंद्राचा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे. पंधरा वर्षांवरच्यांसाठी, आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक. मानधन नाही. जवळच्या शाळेत चौकशी करा, नाव घालतील.

आणि शेवटचं, तुमच्या सात जणांत त्यांच्यातलं कोणी आहे का? नसेल तर वस्तीत एखादा सातवी-आठवी झालेला पोरगा असतोच, सोळा-सतरा वर्षांचा, हातात मोबाईल, मनात शाळा सुटल्याची रुखरुख. त्याला मास्तर करा. समाजमंदिराची किल्ली त्याच्याकडे द्या. हरवेल, हो. हरवली तर दुसरी करून घ्या.

मी कोल्हापूरकडचा, बँकेत नोकरीला, धुळे जिल्ह्यात बदली होऊन पाच महिने झाले. एकटाच राहतो. गावात मिसळावं म्हणून वाचनालयात मोफत काम करायला गेलो. पुस्तकं कशीही लावलेली होती, दोन रविवार खपून मी ती विषयवार, नीट क्रमाने लावली. तेव्हापासून ग्रंथपाल काका माझ्याशी तुटक बोलतात. शिवाय सगळे अहिराणी बोलतात, मी प्रयत्न केला की हसतात. — एक वाचक

काका तुटक बोलतात म्हणजे फार सभ्य आहेत. मी असते तर किल्ली काढून घेतली असती.

अहो, ‘कशीही’ लावलेली पुस्तकं कशीही नसतात. तिथे रोज चारला येणारे कोणी आजोबा असतील, त्यांना रहस्यकथा डावीकडच्या खालच्या खणात मिळते, फाटक्या लाल पुठ्ठ्याची. त्यांना तुमचं वर्गीकरण कळत नाही, त्यांचा हात बरोबर त्या खणात जातो. दोन रविवारांत तुम्ही पंचवीस वर्षांची सवय हलवलीत. उद्या जाऊन काकांना म्हणा, माझं चुकलं, जुनं कसं होतं ते दाखवा, आपण दोघं मिळून लावू. लावताना ते प्रत्येक पुस्तकाची गोष्ट सांगतील, कोण नेऊन परत आणत नाही, कोणी त्यात प्रेमपत्र ठेवलं होतं. ऐका. नव्या जागी पहिले काही महिने सूचना करू नयेत असं माझं मत आहे. वर्तमानपत्रांच्या फायली शिवा, सुटलेली पानं चिकटवा, कार्डांवर तारखांचे शिक्के मारा.

अहिराणीचं म्हणाल, तर हसू द्या. तुम्ही ‘करायलोय’ म्हणता, ते ‘करी राहिनू’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकात दोन्ही नाहीत, तेव्हा मोठेपणा कोणी कोणाला दाखवायचा? ‘माले’, ‘तुले’, ‘शे’, एवढ्या शिदोरीवर सुरुवात होते. ‘तुन्हं गाव कोनतं शे?’ असं कोणी विचारलं तर मराठीत उत्तर देऊन थांबू नका, तोच प्रश्न अहिराणीत उलट विचारा. गावाचं नाव निघालं की तिथला पाहुणा निघतो, पाहुणा निघाला की चहा येतो. मला इथे जुनी माणसं अजून विचारतात, ‘साने गुरुजींच्या गावाकडच्या का?’ गुरुजी पालगडचे, म्हणजे आमच्याच दापोली तालुक्यातले. १९२४ मध्ये अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, तिथल्या वसतिगृहातल्या पोरांचे होऊन गेले. खानदेशाने त्यांना इतकं आपलं केलं, की कोकणातले असल्याचा पुरावा आम्हालाच द्यावा लागतो. (माझ्या बाबतीत ही अडचण येणार नाही, निश्चिंत असा.)

पण तुम्हाला येतं आणि त्या ओट्यावर कोणाला येत नाही असंही काही आहे. रविवारी तासभर वाचनालयाच्या ओट्यावर बसा. पासबुकात ही कपात कसली, पेन्शन कुठल्या तारखेला जमा झाली, हा मेसेज खरा की खोटा, ओटीपी पोटच्या पोरालाही का सांगायचा नाही, एवढंच. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा, हा आकडा ठळक लिहून भिंतीला लावा. म्हाताऱ्यांची रांग लागेल. एकच अट, त्या ओट्यावर विम्याची पॉलिसी विकायची नाही. एकदा विकलीत की पाच महिन्यांचे पाच वर्षं होऊनही तुम्ही ‘बँकवाले’च राहाल.

आमच्या महिला मंडळाच्या बायका बाहेरगावहून आलेल्या कामगार बायकांना शिवण शिकवायला वस्तीत जातात. रिक्षाचं भाडं मंडळाने द्यावं का? काहींचं म्हणणं, सेवा म्हटल्यावर पैसे कसले. — एक वाचक, धुळे

द्यावं, आणि मागायची वेळ येऊ देऊ नये. भाडं दिलं नाही तर सेवा करायला फक्त स्कूटीवाल्या उरतात. मग शिवण शिकवलं जाईल, पण पत्र्याच्या खोलीतली बाई स्कूटीवालीला आपलं दुखणं सांगेलच असं नाही.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. वरच्या मजल्यावर बीडकडचं भाडेकरू कुटुंब आलं आहे. ती बाई आत्तापासून म्हणते, मीही रोटाचा नैवेद्य करायला येईन. सासूबाई म्हणतात, रोट भाऊबंदांतच. मी मधे सापडले आहे. — एक सून, पाचोरा

सासूबाईंचं ऐका. रोटाचा नेम घराण्याचा असतो, तो पाळला म्हणून कोणी परकं होत नाही. परकं होतं ते खोटं कारण दिल्याने. ‘तुम्ही दमाल’, ‘जागा कमी आहे’ असलं काही सांगू नका. सरळ सांगा, रोट आमच्यात घरच्यांनीच करायचा आणि घरच्यांनीच खायचा, पण बाकी सगळ्याला तुम्ही हव्या.

आणि बाकीचं थोडं आहे का? नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईला सजवायचं, चौरंगाभोवती केळीचे खांब बांधायचे, रात्रभर जागायचं, गाणी म्हणायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं, वाटेत फुगड्या. माझ्या पहिल्या श्रावणात मलाही कोणीतरी चुलीपासून हळूच उठवून गाणाऱ्या बायकांत नेऊन बसवलं होतं. मला एकही गाणं येत नव्हतं, मी आमच्याकडचं मंगळागौरीचं म्हटलं. कानबाईने चालवून घेतलं.

तुमची बीडची बाई आहे. मराठवाड्यातली आहे म्हणजे जात्यावरच्या ओव्या आईच्या नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेल्या असणार. तिला आत्ताच सांगून ठेवा, रात्री दोन वाजता सगळ्या पेंगायला लागतील, तेव्हा तुमची पाळी. तयारी करून या. मग बघा, सासूबाईच विचारतील, वरची अजून कशी आली नाही.

नमस्ते बाई. मी नववीत आहे. आम्ही गोरखपूरकडचे, पप्पा जळगावात डाळमिलमध्ये आहेत. दीड वर्ष झालं. खालच्या मजल्यावरच्या आजीला मी मोबाईल शिकवते, आजी मला मराठी शिकवते. मी उशिरा गेले तर आजी रागावते, ‘काबरं उशीर केला?’ मैत्रीण म्हणते, आजीकडून पैसे घे. घ्यावे का? मराठीत चुका असतील तर माफ करा.

पोरी, तुझ्या पत्रात तीन चुका होत्या. त्यातल्या दोन मीसुद्धा करते. छापताना दुरुस्त केल्या आहेत.

पैसे नको घेऊस. घेतलेस तर आजीलाही मराठीचे द्यावे लागतील, आणि तिची मराठी महाग आहे. ‘काबरं’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या पुस्तकात तुला या चालीवर मिळणार नाही, तो तू फुकट शिकलीस. आणि उशीर झाला की आजी घड्याळाकडे बघत बसते, हे तुला कळलं असेलच.

पण फी म्हणून दुसरं काही माग. थंडी लागली की म्हण, आजी, भरीत शिकवा. बामणोदकडची हिरवी-पांढरट मोठी वांगी आणायची, गॅसवर नाही, तुरीच्या काड्यांवर भाजायची, सोलून लाकडी बडगीत हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायची. कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. आजी म्हणेल आता कोण काड्या पेटवतं. तू म्हण, मी पेटवते, मिलच्या मागे मिळतील का ते पप्पांना विचारते.

आणि त्याच विस्तवावर दुसरी दोन वांगी भाजून घे. तुमच्याकडे बाटीबरोबर चोखा करतात ना? इथे वरणाबरोबर बट्टी करतात. आजीला तुझी बाटी पाहून नवल वाटेल, आपलीच म्हणेल. चोख्यात मात्र तू कच्चं मोहरीचं तेल घालशील, आणि त्या वासाने आजी नाक मुरडेल. तेव्हा तिच्याच चालीवर विचार, ‘काबरं नाक मुरडता, आजी?’